भट्टी एका खात्यात, झिलई दुसऱ्यात

पोर्तुगालात आल्कोबासाजवळच्या चिनीमातीच्या कारखान्यात आन्सेल्मु भट्टी सांभाळायचा. भिंतीपलीकडे देओलिंदा झिलई कालवायची. भिंतीत एक खिडकी होती.

"आज पातळ झालीय गं," तो हाक द्यायचा.

"मग आच कमी ठेव. इतक्या वर्षांत तेवढंही कळेना?"

त्याची बायको वारली, तेव्हा कितीतरी दुपारी त्याच खिडकीतून देओलिंदाने त्याला गरम सूप दिलं होतं.

मग मालक बदलले. भट्टी उत्पादन खात्यात गेली, झिलई गुणवत्ता खात्यात. एका खात्याने दुसऱ्याशी बोलायचं ते साहेबांमार्फतच, असा नियम झाला. खिडकीवर फळी ठोकली.

हिवाळ्यात झिलईची नवी पूड आली आणि भाजलेल्या बश्यांवर बारीक तडे दिसू लागले. आन्सेल्मुने आपला साहेब तेल्मु याला सांगितलं, "पूड बदललीय. आच किती ठेवायची, तेवढं विचारा."

"वर कळवतो," तेल्मु म्हणाला. उत्तर येईपर्यंत भट्टी थांबवायची मुभा नव्हती. आन्सेल्मु तडे बघत भाजत राहिला.

शेवटी न राहवून त्याने देओलिंदाला बेकरीत गाठलं. तिने आधी मागे वळून पाहिलं.

"मला नको विचारूस रे. तुझ्याशी बोलले म्हणून एकदा समज मिळालीय."

"इथे कोण ऐकतंय?"

"उद्या तू आच बदललीस की विचारतील ना, कुणी सांगितलं ते. नातवंडं माझ्या पगारावर आहेत."

ती पाव घेऊन निघून गेली.

उत्तर आलं तोवर सगळा माल वाया गेला होता. आन्सेल्मुचं बोलणंही वर जाता जाता बदललं होतं. 'झिलई नीट कालवलेली नाही, असं भट्टीवाल्याचं म्हणणं आहे,' असं साहेबलोकांच्या बैठकीत सांगितलं गेलं. देओलिंदाला खोकी भरायला बसवलं.

आन्सेल्मु थेट संचालकांकडे गेला. दाराशीच त्याला सांगितलं, "तुमच्या साहेबांमार्फत या."

तेल्मुने हात वर केले. "आन्सेल्मुदादा, मी पुडीचंच सांगितलं होतं. पुढे कुणी काय केलं, ते मला तरी कोण सांगणार?"

संध्याकाळी फाटकापाशी देओलिंदाच समोर आली. "मला नीट कालवता येत नाही, असं म्हणालास?"

"नाही गं. मी पूड म्हणालो होतो."

"मग तुझं नाव कसं आलं?"

त्याने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. कोण कुणाला काय म्हणालं, मग ते कुठे गेलं. निम्म्यावर त्याचा त्यालाच धागा सापडेना. देओलिंदा थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिची बस आली.