टायरला लाथ

आमच्याकडे गाडीजवळ आलेला कोणताही बाप्या आधी टायरला लाथ मारतो. गाडी कोणाची, कशाला उभी आहे, आत कोण बसलंय, काही विचारायचं नाही. चप्पल घातलेला पाय उचलायचा, टायरवर दोनदा हाणायचा आणि मान हलवून म्हणायचं, "हवा कमी हाये." लग्नघरी मारतात, शाळेच्या फाटकाशी मारतात, एकदा तर मी मयतीला गेले होते तिथेही एकाने मारली. मला त्या लाथेची शिसारी आहे.

गाडी माझी आहे. माझ्या मास्तरकीच्या पगारातून घेतलेली सेकंडहँड व्हॅन. आमचं घर शेतात, उंद्रीच्या डांबरी रस्त्यापासून चांगलं आत, आणि मधे पांदण. दोन्ही बाजूंनी बाभळी, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा आणि पाऊस उघडला की तोच राडा वाळून दगड झालेला. अर्ध्यात एक नाला. नाल्याच्या अलीकडे कधीतरी कोणीतरी खडी टाकली आणि ती दाबायला परत कोणी आलं नाही. या रस्त्याने मी रोज शाळेत जायची.

पेट्रोल पंपावर पस्तीस हवा भरून देतात. डांबरीवर ठीक आहे. पांदणीत तेवढी हवा म्हणजे गाडी एकेका ढेकळावरून उडते आणि ओल्या जागी चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. हवा कमी केली की टायर पसरतो, दगड पोटात घेतो, माती धरून चालतो. फार कमी केली तर तोही रुसतो. एकदा नाल्यात टायर रिमवरून निसटला आणि मी चिखलाच्या साडीने वर्गात उभी राहिले. असं ठेचकाळत मी माझा हिशेब बसवला होता: एकटी असले तर अठरा, मागे सासूबाई आणि दळणाची पोती असली तर मागच्या चाकांत बावीस. गाडी हळू न्यायची. डांबरीला लागलं की मागचा पायपंप काढून पुन्हा भरायची. बस, एवढंच.

पण एवढंही कोणाला बघवलं नाही. "मॅडम, गाडी बसली वाटते!" "गाडीचं पोट सुटलं व!" मी दुर्लक्ष करायची. माझ्या नवऱ्याला मात्र ते लागायचं. रविवारी मी कपडे धुवायला बसले की हा गाडी घेऊन उंद्रीला जायचा आणि चारही चाकं टणक करून आणायचा. "लोक हासतात वं," म्हणायचा. गाडी माझी, पांदणीत खिळखिळी होणारी हाडं माझी, आणि लाज याला! सोमवारी सकाळी मी पुन्हा हवा सोडायची. आमचा संसार असा चालला होता.

ज्या दिवसाचं सांगतेय तोही रविवारच. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले असतील. मी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर चढले होते. उतरताना लोखंडी शिडी सरकली आणि मी पाठीवर पडले, खाली फरशी. ओरडायलाही श्वास राहिला नाही. थोड्या वेळाने डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. अँब्युलन्सवाल्यांनी फोनवर सांगितलं, डांबरीपर्यंत येतो, आत गाडी फसेल. पेशंटला फळीवर सरळ निजवून आणा, पाठीला हिसका बसू देऊ नका, नाहीतर पाय कायमचा जाईल.

पाय कायमचा जाईल. हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलं, स्पीकरवर.

गोठ्याचं फळ्यांचं दार उचकटलं, मला त्यावर लुगड्याने बांधलं आणि व्हॅनच्या मागच्या सीटा काढून आत सरकवलं. सासूबाई उशाशी. नवरा पुढे. स्टिअरिंगवर थोरले दीर, कारण ते ट्रॅक्टर चालवतात, म्हणजे त्यांना सगळं चालवता येतं असं घरात ठरलेलं आहे. हे थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं म्हणे. इतक्या वर्षांत जे काही बोलले ते नवऱ्याच्या तोंडून. मी समोर उभी असले तरी, "तिले सांग, चहा ठेव."

सकाळीच नवऱ्याने हवा भरून आणली होती आणि दिरांनी टायरला लाथ मारून त्याला शाबासकी दिली होती, "आता कशी टनाटन!" ते मी धुण्यावरून ऐकलं होतं. म्हणून आधीच सांगितलं, "अहो, चाकांतली हवा सोडा. मग काढा गाडी."

दीर नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, बोलू नको. बोलल्यानं दम लागते."

नवरा मागे वळून म्हणाला, "बोलू नको वं. दम लागते."

गाडी निघाली. पहिल्याच चाकोरीत मी दारासकट उडाले. दुसऱ्या धक्क्याला मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या. खडी लागली तेव्हा तर कोणी कमरेत घण घालतंय असं वाटलं, आणि त्यानंतर मुंग्याही थांबल्या. डावा पाय होता की नव्हता, कळेना. आई गं, किती ओरडले मी! "हवा सोडा, माझा पाय चाललाय!"

"तिले सांग, हवा कमी केली अन् बाभळीचा काटा घुसला तं? खांद्यावर न्यायची का मंग?"

"अहो, त्यांना सांगा, काटा टणक टायरातही घुसतो!"

नवरा एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. टपाल्याचं काम बरं जमलं होतं त्याला.

नाल्यापाशी गाडी थांबली. खाली चिखल आहे का बघायला दोघं उतरले. आणि तेव्हा, मी त्या दारावर बांधलेली, माझा पाय मेल्यासारखा पडलेला, तेव्हा मला पाठीखालच्या फळीतून जाणवलं, धप्, धप्. लाथ! दीर बाहेर उभे राहून म्हणत होते, "हवा तं एक नंबर हाये." शाळेत मुलांच्या तोंडून निघाली तर मी त्यांना वर्गाबाहेर काढते, तसली शिवी मी दिली. थेट दिली, नवऱ्यामार्फत नाही.

सासूबाईंनी माझं डोकं हळूच उशीवर ठेवलं, खाली उतरल्या, अंबाड्यातला आकडा काढला आणि चाकापाशी बसल्या. याच बाईने गाडीला "म्हातारीच्या गालावानी झाली" म्हणून वर्षभर नावं ठेवली होती. आता खिडकीखालून विचारलं, "किती सोडू वं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अख्ख्या रस्त्यात मला काहीतरी विचारलं ते या बाईने.

"माय, काय करून राह्यली तू?" दीर ओरडले.

"तुह्यातली सोडता येत नाही, म्हणून हिच्यातली सोडून राह्यली."

हवा मोजायचा मीटर पुढच्या खणात होता, तो शोधायला कोणाला सुचलं नाही. पण मी रोज तो फुसफुसाट ऐकत होते. डोळे मिटून ऐकलं. मागच्या चाकांवर मी, सासूबाई आणि ते जड दार, म्हणून तिथे लवकर "बस" म्हटलं. पुढच्यांना जास्त सोडायला लावली. आणि नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही चालत या. तेवढंच वजन कमी."

नाला उतरताना गाडी डुलली, आदळली नाही. पलीकडच्या ढेकळांतही नाही. कुठे काटा घुसला नाही. डांबरीवर अँब्युलन्स उभी होती.

बुलढाण्याला डॉक्टरांनी सांगितलं, "अंगठा हलवा." बऱ्याच वेळाने हलला. पाय वाचला. डाव्या तळव्याला मात्र आजही काही कळत नाही, विस्तव लागला तरी. मी डॉक्टरांना विचारलं, हे पडल्यामुळे झालं की रस्त्याने? ते म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. मी सांगू शकते. घरापासून नाल्यापर्यंतचा एकेक धक्का मला पाठ आहे.

आणि दीर? ते लग्नाकार्यात सांगतात, "अशी फुलासारखी आणली, पाण्याचा थेंब हालला नाही." मी पलीकडे पंगतीत बसलेली असते.

कमरेला पट्टा आला. वाकायला बंदी. उभ्या गाडीत बसून मी कितीतरी दिवस क्लच दाबायला शिकत होते, तळव्याने नाही तर मांडीने. शेवटी शाळेचा दिवस उजाडला. बाहेर येऊन बघते तो नवऱ्याने गाडी धुतलेली, पुढे लिंबू-मिरची, आणि चाकं टणक!

"तुह्यासाठी भरून आणली," हा हसत म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मला वाकता येत नव्हतं. "सोडा," मी म्हटलं. "मी बस म्हणेपर्यंत."

सासूबाईंनी ओट्यावरून आकडा पुढे केला. नवरा चाकापाशी उकिडवा बसला. तीन चाकं झाली. चौथं होत आलं तोच शेजारचे काका बैल घेऊन आले, थांबले, पाय उचलला, टायरवर हाणला.

"हवा कमी हाये बे."

नवऱ्याने आकडा मुठीत लपवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाव काका," तो म्हणाला. "पंक्चर झाली वाटते."

मी आत बसले. डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला. "बाजूला व्हा," म्हटलं, आणि गाडी पांदणीत घातली.