सुमीचा प्रश्न काशिनाथने विचारला

आधीच सांगते – मी जव्हारला एका लॅबमध्ये रक्त-थुंकी तपासते. काचपट्टीवर दिसतं तेवढंच खरं मानणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटते... पण लिहिते.

माझी धाकटी बहीण सुमी साखरशेतला दिलेली. तिचा नवरा दत्तू बिल्डिंगच्या कामाला वसईकडे गेला, आणि दिवाळीनंतर त्याचा फोनच बंद. पोलिसात तक्रार केली, ठेकेदाराने हात वर केले. मग कोणीतरी सांगितलं – मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावर एक म्हातारी आहे. एका घराला एकच प्रश्न. उत्तर चुकत नाही.

मी फक्त सुमीसाठी गेले. सोबत तिचा मोठा दीर, काशिनाथ. जीपमध्ये सुमीचं एकच चाललेलं – "ताई, जिवंत आहेत का विचारू, का कधी येतील विचारू?"

"कुठे आहे ते विचार," मी म्हटलं. "त्यातच सगळं कळेल."

काशिनाथ बाहेर शेतं बघत होता.

झोपडीत भर दुपारी अंधार. कुजलेल्या खेकड्यांसारखा वास. म्हातारीच्या ओठांवर माश्या बसलेल्या, ती हाकलतही नव्हती. सुमीने हात जोडले, तोंड उघडलं... तेवढ्यात काशिनाथ मध्येच बोलला,

"दत्तूच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर होईल का?"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. आणि त्या बोळक्या तोंडातून तरण्या पुरुषाचा आवाज आला –

"होईल द... द... दादा. सगली तुलाच होईल."

दत्तूचा आवाज! 'द'ला तो असाच अडायचा. म्हातारीने त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"होईल म्हणाली ना?" काशिनाथने मला विचारलं. हसत होता तो. मी बाहेर जाऊन ओकले. वासाने नाही... त्या हसण्याने.

उन्हाळ्यात दत्तूचं प्रेत सापडलं, बांधकामाच्या बंद टाकीत. जमीन सुमीनेच सही करून सोडली. "त्या माणसाच्या बांधाला बांध नको मला," म्हणाली.

काशिनाथ आता चारचौघांत ऐटीत सांगतो, "प्रश्न नेमका विचारता आला पाहिजे." तो समोर आला तरी मला शिसारी येते.

आणि तो आवाज? नक्कल म्हणावी, तर ती शिकली कोणाकडून? परवा सुमीलाच विचारलं. नाचणीची भाकरी थापता थापता ती म्हणाली,

"त्यांच्या आवाजात राग नव्हता गं ताई. भावाने जमीनच विचारली, तरी त्याला दादाच म्हणाले."