सौ.चा रकाना

दत्तात्रय महाजन कागदाच्या गिरणीतल्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले, तेव्हा नेपानगरच्या सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या वेळा लिहिण्यात घालवलेल्या माणसाला घड्याळ देण्यात काही विचित्र आहे, असं कुणालाच वाटलं नाही. त्यांनाही नाही. बुऱ्हाणपुरात घरी येऊन त्यांनी ते भिंतीला लावलं आणि मुलाचा जुना लॅपटॉप उघडून एक्सेल शिकायला बसले.

गुरू मोबाइलमधला होता. हिंदीत बोलणारा कुणी तरुण रोज एक युक्ती सांगे आणि दत्तूअण्णा ती लगेच घरात लागू करत. वरची ओळ गोठवता येते हे कळलं, तेव्हा केवळ गोठवण्यासाठी त्यांनी किराण्याची यादी केली. रकाना लपवता येतो हे कळल्यावर त्या यादीतले भाव लपवले.

"मसाल्याच्या डब्याला लावा एखादं फिल्टर," अलकाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "मोहरीत जिरं येतंय."

शेजारणीला मात्र त्या सांगत, "आमचे हे दिवसभर घरात असतात, पण मधेमधे येत नाहीत." निवृत्त नवऱ्याची याहून मोठी स्तुती त्या आळीत कुणी केलेली नव्हती.

दत्तूअण्णांच्या खास जिवाभावाची युक्ती एकच. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर दोनदा टिचकी मारली, की वरचा मजकूर यादी संपेपर्यंत आपोआप खाली उतरतो. गिरणीच्या हजेरीपटात 'वरीलप्रमाणे'च्या दोन बारीक रेघा त्यांनी ओळीखाली ओळ अशा हयातभर काढल्या होत्या. आपण जरा लवकर जन्मलो, असं त्यांना वाटलं. पण तक्रार नव्हती.

महाजनांच्या दोन घरांचं एकीकरण चाललं होतं ते याच वर्षांत. बहादरपूरचं थोरलं घर दत्तूअण्णांच्या चुलतभावाचं. दोघांच्या वडिलांचं केळीच्या पाण्यावरून बोलणं बंद झालं होतं. पुढे वडील गेले, ठिबक आलं, भांडणाचा पाटही बुजला. अबोला मात्र दोन्ही घरांनी वाडवडिलांची ठेव म्हणून नीट सांभाळला. चुलतभाऊही वारला. मग गेल्या साली त्याच्या बायकोने, गोदाबाईंनी, केळीची एक फणी बुऱ्हाणपूरला पाठवली. दत्तूअण्णांनी ती खाल्ली आणि तह झाला.

आता गोदाबाईंच्या नातीचं, रजनीचं, लग्न ठरलं होतं. पत्रिका पहिल्यांदाच दोन्ही घरांची एक निघणार होती. गोदाबाईंचा मुलगा निंबा स्वतः येऊन म्हणाला, "काका, पत्रिकेचं तुम्हीच बघा. आप तो कंप्युटरवाले हो."

दत्तूअण्णांना रात्रभर झोप लागली नाही. मान होता तो. त्यांनी दोन्ही घरांतल्या बायकांची 'स्वागतोत्सुक' म्हणून यादी केली. नावामागच्या रकान्यात सगळ्यात वर 'सौ.' टाकलं आणि कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली. ज्यांचं वेगळं असेल त्यांचं मागाहून हाताने बदलू, असा बेत होता. मग नावं तपासताना डोळ्यांना अडथळा नको म्हणून तो रकाना लपवला. दोन युक्त्या एका दमात साधल्याच्या आनंदात बेत विसरून फाइल छापखान्याला गेली. छापखान्याने लपवलेलं सगळं इमानदारीने उघडून छापलं.

निंबा पत्रिका घेऊन आला तो चपला न काढताच उंबऱ्यात उभा राहिला.

"काका, माझी माय पुन्हा सौभाग्यवती कधी झाली?"

दत्तूअण्णांनी पाहिलं. सौ. गोदाबाई. त्यांच्याखाली पाळण्यातली भाचीसुद्धा सौ. होती.

"चूक झाली रे. मशीनमध्ये मी टिचकी मारली..."

"चूक आहे का टोमणा आहे, ते गाव ठरवेल," निंबा म्हणाला. "मी मायला दाखवलं नाही अजून. तुम्हीच दाखवा." आणि चहा न घेता गेला. या घरांचं मागचं भांडण पाण्याचं होतं, पण अबोला अगदी असाच, चहा न घेतल्याने सुरू झाला होता.

दत्तूअण्णा लॅपटॉप पिशवीत घालून बहादरपूरला गेले. ओट्यावर बायका कुरडया घालत होत्या. लग्नाच्या कुरडया, त्यामुळे गोदाबाई जरा अंतरावर बसून चीक ढवळण्यापुरत्याच कामात होत्या. सवयीने बसल्या होत्या, कुणी बसवलं नव्हतं.

दत्तूअण्णांनी दिलेली पत्रिका त्यांनी लांब धरून वाचली. बराच वेळ वाचली.

"तुमच्या दादांना जाऊन इतकी वर्षं झाली, भाऊ. कुणाला विचारून लिहिलंत?"

"कुणालाच नाही, वहिनी. एकीचं टाकलं, ते सगळ्यांना लागलं." त्यांनी लॅपटॉप उघडून टिचकी मारून दाखवली. मग चूक परत फिरवायची युक्तीही दाखवली.

"म्हणजे झालेलं न झाल्यासारखं होतं?"

"लगेच केलं तर. फाइल बंद झाल्यावर नाही होत."

"हं," गोदाबाई म्हणाल्या. "मग माझ्या नावामागे काय टाकणार होतात?"

दत्तूअण्णांनी मान खाली घातली. "गं. भा."

"तेही कुणाला विचारून टाकणार होतात?"

दत्तूअण्णांनी तो रकाना उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"हा खानाच काढून टाकता येतो का?"

"येतो की."

"मग काढा."

रकाना गेला. नावं डावीकडे सरकून नीट उभी राहिली. गोदाबाईंनी आपलं नाव पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बाप्यांच्या नावामागचं श्रीही काढा. नाहीतर आमचंच राहून गेल्यासारखं दिसेल."

मागे निंबा येऊन उभा होता. "माय, लोग क्या बोलेंगे?"

"लोक जेवायला येतात, बाबा. वाचायला नाही. काकांना चहा सांग."

पत्रिका पुन्हा छापल्या. वाटायला काका-पुतणे निंबाच्या मोटारसायकलवरून निघाले. देडतलाईला लोटूआप्पांनी चष्मा लावून पत्रिका उलटसुलट केली. नात्यातला सगळ्यात वयस्क माणूस. त्यांच्या घरी लग्नातला नुसता मानाचा रुमाल जरी उशिरा मिळाला, तरी त्याची चर्चा वर्षभर चाले.

"माझ्यामागचं श्री कुठे गेलं?"

दत्तूअण्णांनी 'मशीनची चूक' म्हणायला तोंड उघडलं, तोच निंबा म्हणाला, "आमच्या घरची हीच रीत आहे, आप्पा. कुणाच्याच मागे काही लावत नाही."

"कधीपासूनची?"

"ते मला काय माहीत? काकांना विचारा. घरात आता तेच मोठे."

आप्पा दत्तूअण्णांकडे वळले.

"जुनी आहे," दत्तूअण्णा म्हणाले.