लाल फळी

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, अगदी पेराच्या टोकाला, ऑइलपेंटचा एक लाल ठिपका बसला आहे. दोनदा साबण लावून झाला, आईने कुठून तरी थिनरचा बोळा आणून दिला, पण तो काही हटायला तयार नाही. बोट नाकाजवळ नेलं की रंगाचा तो उग्र, किंचित गोडसर दर्प येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक वास आठवणीतून उठतो : तापलेल्या लोखंडावर कूलंटची धार पडते तेव्हाचा, त्या दुधट पाण्याच्या वाफेचा. कुणाचं बालपण प्राजक्ताच्या सड्यात गेलं असेल. माझं या वासात गेलं. संध्याकाळी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सायकल दारात टेकायची, त्याआधीच तो घरात शिरलेला असायचा. कपडे कितीही वेळा धुतले तरी जायचा नाही. मला तो आजही सुगंधच वाटतो, त्याला काय करणार!

आज खंडेनवमी. आणि हा ठिपका माझ्या बोटाला दुसऱ्यांदा लागला आहे. पहिल्यांदा लागला तेव्हा मी जेमतेम सहा वर्षांची होते.

भोसरीतल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, उस्मानचाचांचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चार-पाच माणसं, एवढाच पसारा. दादा तिथे टर्नर होते. लेथवर फिरणाऱ्या लोखंडाला हत्यार लावून मापात आणायचं हे त्यांचं काम. खंडेनवमीला मशिनी धुऊनपुसून लखलखीत व्हायच्या. झेंडूची फुलं पहाटे बाजारात जाऊन चाचा स्वतः आणायचे, नारळ मात्र दादांच्या हातात द्यायचे. "फोड नामदेव, तुझा नेम चांगला. मागच्या वर्षी मी फोडला तर पाणी सगळं माझ्याच सदऱ्यावर!" असं म्हणून दरवर्षी तेच हसू हसायचे.

त्या वर्षी दादा मला सोबत घेऊन गेले होते. भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर ओळीने मांडलेले लोखंडाचे तुकडे : कुणी लांबट, कुणी वाटोळा, कुणी दातेरी. सगळे लालभडक, आणि प्रत्येकापुढे झेंडूचं एकेक फूल. आमच्या गावी, चाकणच्या पलीकडे, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड म्हणजे देव, हे मला ठाऊक होतं. मी पुढे झाले, एका तुकड्याला बोट लावून ते कपाळाला टेकवलं आणि हात जोडले. रंग ओला होता. कपाळावर टिळा घेऊन मी मागे वळले तर सगळं वर्कशॉप खो खो हसत सुटलेलं.

"अगं खुळे, देव न्हाईत ते," दादा म्हणाले, "आमी बिघडवलेले जॉब हायेत!"

चाचा तेवढे हसले नाहीत. "राहू दे रे," ते म्हणाले. "पोरगी बरोबर करतेय. या फळीनं तुम्हाला जेवढं शिकवलं, तेवढं मी तरी कुठं शिकवलं?"

तेव्हा कळलं नाही ते हळूहळू कळत गेलं. मशीनवर घडवायच्या तुकड्याला आमच्याकडे जॉब म्हणतात. जॉब बिघडला की त्याला लाल रंग फासायचा, म्हणजे तो चुकूनसुद्धा चांगल्या मालात मिसळत नाही. हे सगळीकडेच करतात, आणि मग तो भंगाराच्या पेटीत टाकतात. चाचांची रीत मात्र निराळी होती. नव्या माणसाचा बिघडलेला पहिला जॉब त्यानेच स्वतःच्या हाताने रंगवायचा आणि फळीवर ठेवायचा. ओरडा नाही, पगारात कपात नाही. फक्त रोज कामावर येताना तो समोर दिसला पाहिजे. फळीच्या डाव्या टोकाचा पहिला तुकडा खुद्द चाचांचा होता.

पुढे मी पुण्याच्या कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं तोवर कुणी नव्हतं. तिथल्या मैत्रिणी निरागसपणे विचारायच्या, "तुमच्या तिकडे बघण्यासारखं असं काय आहे गं?" मी काय सांगणार? वाडे नाहीत, तालमी नाहीत, इतिहास म्हणून दाखवावा असा बुरूज नाही. पवना आणि इंद्रायणीच्या मधल्या माळावर ज्वारी-बाजरी डोलत होती, जवळून मुंबईचा रस्ता जात होता, आणि कधीतरी तिथे औषधांचा कारखाना आला. मागोमाग ट्रक आले, स्कूटरी आल्या, रिक्षा आल्या. गावांचा दिवस सूर्यावर चालायचा तो भोंग्यावर चालू लागला. सातारा आणि लातूर, कोकण आणि बिहार, जिथून म्हणून माणूस निघाला तिथून तो इथे उतरला, पत्र्याच्या एका खोलीत चौघांत राहिला, आणि त्याच्या पहिल्या पगाराची मनिऑर्डर दूरच्या कुठल्या तरी घरात आनंदाश्रूंसारखी पोचली. चार खेड्यांची नगरपालिका झाली, नगरपालिकेची महापालिका. कांद्याच्या वखारींचं चाकण मोटारींचं झालं. हा इतिहास नव्हे तर काय! पण अठराव्या वर्षी हे सांगायला लागणारं धैर्य माझ्यापाशी नव्हतं. आणि पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झाले.

निकाल हातात घेऊन घरी आले, पुस्तकं गोणीत भरली आणि आईला सांगून टाकलं, "झालं एवढं पुरे. आपलं काम नाही ते." दादा सेकंड शिफ्टला निघताना म्हणाले, "चल, बस सायकलवर." इतक्या मोठ्या मुलीला सायकलवर डबलसीट नेताना गल्लीने पाहिलं, त्याचीही त्यांना फिकीर नव्हती.

वर्कशॉपमध्ये त्यांनी फळीवरचा एक लांबट तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. चांगला जड होता.

"ह्यो माझा," ते म्हणाले. "आठव्या दिवशी बिघडवला. कसा, ते इचार."

कसा, ते चाचांनी सांगितलं. दादा शेतातून आलेले, हात भक्कम, नजर तीक्ष्ण. मुरलेल्या टर्नरसारखं काम करून दाखवायची घाई. शेवटचा कट मारला आणि मशीन थांबताक्षणी माप घेतलं. बरोब्बर! आनंदाने चाचांना हाक मारली. चाचांनी बिडी संपवली, मग येऊन माप घेतलं, तर जॉब केसभर बारीक. दादा शपथेवर सांगत होते की आत्ता बरोबर होता. आणि होताच! लोखंड कापताना तापतं, तापलं की फुगतं. गरम असताना माप घेतलं की ते बरोबर दिसतं आणि निवल्यावर खाली उतरतं. शेतात एक हंगाम बिघडला तर पुढचा असतो. लोखंडावरून गेलेला कीस मात्र परत चिकटवता येत नाही.

"बेटा," चाचा मला म्हणाले, "निकाल कधी लागला?"

"आज सकाळी."

"मग अजून गरमच आहेस की. आत्ता स्वतःचं माप घेऊ नकोस. निवू दे जरा."

मी निवले. गोणीतली पुस्तकं महिन्याभरात बाहेर आली. आज मी भोसरीतल्या एका शाळेत इंग्रजीच शिकवते, हे सांगताना अजूनही मान थोडी ताठ होते, होऊ दे!

माणसांचं जसं, तसंच शहरांचंही नसेल का? घाईत, तापलेल्या अवस्थेत आपण त्यांचं माप घेतो. चाकणच्या चौकात अवजड कंटेनरच्या मागे तासभर अडकलेला माणूस या शहराला शिव्या घालतो, आणि त्याच्या शिव्या खोट्या नसतात. इंद्रायणीवर तरंगणारा फेस पाहून माझाही जीव कासावीस होतो. चऱ्होलीच्या शेतांत उगवलेले बारा-बारा मजले पाहून कुणाला गहिवर यावा असं मी म्हणणार नाही. पण ज्याने आपल्याला अन्न दिलं, अक्षर दिलं, त्याच्याकडे थोडं निवांत होऊन पाहावं, एवढं ऋण तरी आपण मानायला हवं की नको?

गेल्या वर्षी चाचांनी वर्कशॉप बंद करायचं ठरवलं. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, मायक्रोमीटरवरच्या रेघा दिसेनात. मुलगा हिंजवडीला आयटीत, राहायला मारुंजीला. त्याला लोखंडाशी कर्तव्य नव्हतं, आणि का असावं? जुना लेथ दशरथ घेणार होता. हा दशरथ एके काळी दादांच्या शेजारच्या मशीनवर उभा राहायचा. आता चाकणला त्याचा स्वतःचा कारखाना आहे. उरलंसुरलं दसऱ्यानंतर भंगारवाला नेणार होता. फळीसकट.

हे कळलं त्या दिवसापासून दादांचं जेवणात लक्ष लागेना. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेला माणूस, रोज उठून भोसरीला जायचा आणि कोमेजून परत यायचा. शेवटी मी विचारलं, "दादा, बिघडलेलेच तुकडे ना ते? त्यांचं एवढं काय?"

ते म्हणाले, "पोरी, जे चांगलं केलं ते समदं गेलं गं. कोणत्या ट्रकात बसलं, कोणत्या मुलखात फिरतंय, कोण सांगणार? त्याच्यावर कुणाचं नाव न्हाई. आमच्या हातचं म्हणावं असं तेवढंच उरलंय, फळीवरचं."

खरंच की! साऱ्या देशाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या चाकांत, आसांत, दट्ट्यांत या माणसांच्या बोटांचं कसब फिरतं आहे, अनाम, अदृश्य. निर्दोष वस्तू जगाची होऊन जाते. घडवणाऱ्याची ओळख सांगायला मागे राहते ती त्याची चूक.

मी चाचांकडे गेले, फळी आमच्या घरी न्यायची परवानगी मागितली. त्यांनी साफ नकार दिला. "फळी वर्कशॉपची असते, बेटा. घरात टांगली की ती शोपीस होते. काम बंद झालं, फळी पण बंद."

"मग दशरथकाकांना द्या."

"त्याला?" चाचा कसनुसं हसले. "तो आता मालक झाला. हाताखाली इतकी माणसं. त्यांच्यासमोर त्याची चूक कशाला मांडू? शोभतं का ते?"

खंडेनवमीला दशरथकाका टेम्पो घेऊन आले, सोबत त्यांच्या कारखान्यातली चार तरुण मंडळी. काकांच्या अंगात पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. पूजा झाली, नारळ दादांनी फोडला. मग पोरं लेथला दोर बांधू लागली. फळीकडे कुणी पाहिलं नाही. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मला पाहवेना. चाचा उगाचच फुलांच्या पाकळ्या गोळा करत होते.

लेथ टेम्पोत चढला. दशरथकाकांनी हात पुसले, आणि सरळ फळीपाशी गेले. न शोधता, मधला एक दातेरी तुकडा उचलला.

"ए, इकडे या रे सगळे," त्यांनी पोरांना हाक मारली. "हा कुणाचा माहितीये? तुमच्या शेठचा! ड्रॉइंग उलटं धरलं होतं राव. दिवसभर उलटं! आणि हा नामदेवभाऊ शेजारी उभा, बघतोय आणि गालात हसतोय."

"म्या सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस व्हय?" दादा म्हणाले. टोमणा नेमका बसला.

"नसतं ऐकलं," काका म्हणाले. मग चाचांकडे वळले. "मेस्त्री, लेथ तर मी पैसे देऊन नेला. फळी मागतोय. माझ्याकडे सगळ्या मशिनी कॉम्प्युटरच्या आहेत, पण पोरं चुकतातच. आणि चुकली की लपवतात. लपवलेला जॉब गाडीत बसतो, मेस्त्री."

फळीच्या डाव्या टोकाचा पहिला तुकडा चाचांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. "हा पहिलाच राहिला पाहिजे," एवढंच म्हणाले.

आज सकाळी आम्ही चाकणला, दशरथकाकांच्या कारखान्यात गेलो. चाचांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. खुर्चीत बसून ते जुन्या लेथवरून हात फिरवत होते, आणि कुणी न विचारता सांगत होते की हार थोडा वर बांधा. फळी भिंतीवर होती. तिच्यावर उजव्या टोकाला एक नवा तुकडा आला होता. लातूरकडून आलेल्या, आयटीआय झालेल्या एका मुलीचा. ती खाली मान घालून उभी होती.

"काय झालं होतं गं?" दादांनी विचारलं.

"काका, गरमच मोजला," ती म्हणाली.

दादा असे हसले, असे हसले, की चाचांना त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. मुलगी आधी बावरली, मग दादांनी आपला लांबट तुकडा काढून तिच्या हातात दिला, आणि तीही हसू लागली.

मी पुढे झाले. बाकी सगळ्या तुकड्यांपुढे झेंडू होता. तिच्या तुकड्यापुढे ठेवायचं राहिलं होतं. मी फूल ठेवलं, बोट टेकवलं, कपाळाला लावलं. रंग अजून ओला होता.

या खेपेला कुणी हसलं नाही.

आई पुन्हा थिनरचा बोळा घेऊन आली आहे. उद्या दसरा, शाळेला सुट्टी. परवा वर्गात फळ्यावर लिहिताना मुलं हा ठिपका बघतील आणि विचारतील. राहू दे आई, म्हटलं. इतक्यात पुसू नकोस.