बर्फ शिकायला मास्ट्रिख्टला

जानेवारीत मास्ट्रिख्टला निघाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "असल्या हवेत तिकडे बघणार काय?" मी म्हटलं, "बर्फ." त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

आधी माझं काम सांगते. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका इमारतीची देखभाल मी बघते. लिफ्ट, हीटिंग, सफाई, आणि हिवाळ्यात इमारतीभोवतीचे रस्ते निसरडे होऊ न देणं. डिसेंबरात आमच्या इमारतीत सफाईचं काम करणाऱ्या सुआदबाई संध्याकाळच्या पाळीला येताना मागच्या दाराशी घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्या दिवशी सकाळी सहालाच बर्फ काढून, उरलेला वितळावा म्हणून मीठ टाकलेलं होतं, नोंदवहीत तशी सहीही होती. तरी पाच वाजता तिथे काचेसारखा थर होता. हे झालं कसं, ते मला उमगत नव्हतं.

पुण्यापासूनची मैत्रीण संपदा मास्ट्रिख्टमध्ये एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्या संकुलाचे केअरटेकर आहेत ना, विमकाका, त्यांच्याकडे ये. आमच्याकडे चढ आहे, सावली आहे, बर्फ पडतो, आणि तरी कुणी पडत नाही. उन्हाळ्यात ते रिटायर होणार आहेत, त्याआधी ये." तिकडे दक्षिणेत बर्फाचा अंदाज आला, आमच्याकडे नुसता पाऊस होता. मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली.

गुरुवारी हार्लेमहून, म्हणजे आमच्या घराकडून, सकाळी नऊनंतरची गाडी घेतली. सवलतीचं कार्ड असेल तर गर्दीची वेळ टाळाच, तिकीट बरंच स्वस्त पडतं. अ‍ॅमस्टरडॅमला बदलून मास्ट्रिख्टची थेट गाडी, सगळं मिळून तीन तासांच्या आसपास. बर्फाच्या दिवसांत गाड्या कमी करतात, म्हणून निघण्यापूर्वी रेल्वेचं अ‍ॅप बघा. मला आइंडहोवनला अर्धा तास थांबावं लागलं. तिथून पुढे शेतं हळूहळू पांढरी होत गेली, आणि रूरमोंडनंतर तर हिरवं काही उरलंच नाही.

मास्ट्रिख्ट स्टेशनपासून जुन्या दगडी पुलापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालत. पुलावर मधोमध चाला, कठड्याकडेचे दगड निसरडे असतात. पलीकडे एका बेकरीत चेरीचा व्लाय खाल्ला. हा इथला फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. एक तुकडा दोघींना पुरतो, हे मला एकटीने संपवल्यावर कळलं. संध्याकाळी संपदाने मुगाची खिचडी आणि कढी केली. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

शुक्रवारी सकाळी साडेसातला आम्ही संकुलात पोचलो. सिंट पीटरच्या टेकडीच्या बाजूला, उतारावर तीन इमारती: प्रयोगशाळा, एक फिजिओथेरपीचा दवाखाना, खाली दोन दुकानं. विमकाका साठी ओलांडलेले, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेले. इकडच्या मऊ लिंबर्गी उच्चारात म्हणाले, "मीठ बघायला आलात ना? मीठ शेवटी. आधी फावडं."

आधी सगळा बर्फ खरवडून काढायचा, मग उरलेल्या पातळ थरावर मीठ, तेही चिमटीने पेरल्यासारखं. जाड बर्फावर मीठ टाकलं तर वरचा भाग वितळतो, ते पाणी मीठ घेऊन वाहून जातं, आणि खालचा बर्फ आहे तसाच राहतो. मी वहीत लिहून घेत होते. त्यांनी हातगाडीत भरलेला बर्फ ढकलत ढकलत पार उताराच्या खालच्या टोकाला, गटाराच्या जाळीपाशी नेऊन टाकला.

"इतक्या लांब?" मी विचारलं. "इथे भिंतीशी जागा आहे की."

"ती जागा रस्त्याच्या वर आहे," ते म्हणाले. "दुपारी ऊन येईल, ढीग पाझरेल, पाणी रस्ता ओलांडेल. चारनंतर पुन्हा गोठेल. सकाळचा बर्फ दिसतो हो. संध्याकाळचा दिसत नाही, तो ओल्या रस्त्यासारखाच असतो."

मी वही मिटली. आमच्या मागच्या दाराशी बर्फ कुठे टाकायचा ते मी ठरवलं होतं. दारापेक्षा किंचित उंचावर, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. पुढचं दार मोकळं आणि नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या दिवशी दुपारी छान ऊन पडलं होतं, तेही आठवलं.

दुपारी तीनला विमकाकांनी दुसरी फेरी काढली. या फेरीत ते जमिनीकडे कमी आणि वर जास्त बघत होते. छताच्या कडेवरून कुठे ठिबकतंय, कुठल्या पन्हाळीचं तोंड रस्त्याकडे आहे, कुठली ओल सावलीत शिरतेय. जिथे पाणी वाहत होतं तिथे त्यांनी आधी खराट्याने ते जाळीकडे लोटलं आणि मगच मीठ टाकलं. "तुमच्याकडे आता बर्फ नाही ना? मग कोरड्या दिवशी ढिगाच्या जागी बादलीभर पाणी ओता, आणि त्याच्यामागे चाला. जिथे ते थांबेल, तिथे माणूस पडणार."

दवाखान्याच्या उंबऱ्याशी कॉफी पिताना मी त्यांना सुआदबाईंचं सांगितलं. आणि अपघाताच्या अहवालात मी काय लिहिलं होतं तेही: मीठ वेळेवर टाकलेलं होतं, कर्मचाऱ्याची पादत्राणं हिवाळ्यास योग्य नसावीत.

"खरंच योग्य नव्हती का?"

"मी बघितली नव्हती."

त्यांनी कप खाली ठेवला. "पहिल्या वर्षी माझ्याकडून एक पोस्टमन पडला होता," ते म्हणाले. "मीही त्याच्या बुटांचंच बोललो होतो." मग उठून फावडं घ्यायला गेले.

शनिवारी परत आले. वाटेत संपदाने दिलेला व्लाय मांडीवर सांभाळत मी अहवालाचा नवा मसुदा फोनवर लिहीत होते. लेकीने दार उघडलं, खोकं बघितलं, डच भाषेतच आनंद व्यक्त केला आणि ते घेऊन गेली.

सोमवारी मागच्या दाराशी बादली ओतली. पाणी डब्यांपासून निघालं, तिरकं वळलं, आणि पायरीच्या बरोबर पुढे थांबलं. मी तिथेच उभी राहून साहेबांना फोन केला. सुधारलेला अहवाल पाठवतेय, चूक माझी होती असं त्यात लिहिलंय, हे सांगितलं. ते म्हणाले, "पाठव. विम्याच्या लोकांशी मी बोलतो."

सुआदबाई त्याच आठवड्यात हलक्या कामावर परत आल्या, मनगटाला पट्टा बांधून. मी त्यांना मागच्या दाराशी नेऊन सगळं सांगितलं, बुटांच्या ओळीसकट, आणि माफी मागितली.

"मी दोन दिवस आधी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "रिसेप्शनला. संध्याकाळी इथे पाणी गोठतं म्हणून. ते म्हणाले, मीठ तर सकाळी टाकतात."

"माझ्यापर्यंत आलं नाही," मी म्हटलं, आणि म्हणताना त्याला काही अर्थ नाही हे कळत होतं. मग विचारलं, "अजून कुठे गोठतं, दाखवाल?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग कोटाची बटणं एका हाताने लावली आणि पुढे चालू लागल्या. त्या आठवड्यात इमारतीभोवती बादली ओतत मी दोन जागा शोधल्या होत्या. सुआदबाईंनी पाच दाखवल्या.