आक्कांच्या मशीनवरची रेघ

चाक जागचं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी सुई तसूभर खाली येईना. समोर संदीप उभा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला मोशीत. गाडीच्या डिकीतून उतरवून त्याने मशीन माझ्या चिंचवडच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं आणि आता पेशंटच्या नातेवाइकासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तेल कुठलं घातलंत?" मी विचारलं.

"बायकोने घातलं, काका. खोबरेल."

मी कपाळावर हात मारला. खोबरेल केसांना ठीक. मशीनमध्ये ते वाळून लाखेसारखं कडक होतं आणि सगळे सांधे धरून बसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनचा आजार हाच असतो. घालणारी माणसं चांगल्या मनानेच घालतात, त्यामुळे ओरडताही येत नाही.

मी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा जुनी जर्मन शिलाई मशीन दुरुस्त करायला लागलो. जर्मनच का, असं लोक विचारतात. अहो, त्यांचं ओतकाम बघा, गिअर बघा! माणसं थकतात, ही मशीन थकत नाहीत. हेही तसंच होतं. काळं, वजनदार, सोनेरी वेलबुट्टीचं. संदीपचे वडील टूलरूममध्ये फिटर होते. त्यांच्या कंपनीत प्रेस बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर परत जाताना घरातलं सामान विकून गेला, त्यात त्यांनी हे घेतलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. चालवायची संदीपची आई.

"सगळे तिला आक्का म्हणतात," संदीप म्हणाला. "काचबिंदूने डोळे गेलेत तिचे. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. पण रोज मशीनवर बसते. बायको सुई ओवून देते, पुढचं सगळं तिचं ती. भावकीत कुणालाही मूल झालं की दुपटी आईचीच. आता माझ्या मुलीला आठवा लागलाय. पहिलं पणतवंड. आईचा सारखा घोषा, दुपटी शिवायचीत, मशीन कधी सुरू होतंय?"

"होईल सुरू. काळजी करू नका."

"नुसतं सुरू नको, काका. एकदम शोरूम कंडिशन करा. तिला सरप्राइज द्यायचंय."

दिसत नाही तर ही बाई सरळ शिवते कशी, हा प्रश्न त्याच वेळी माझ्या डोक्यात आला होता. मी तो विचारला नाही. सवय असेल, म्हटलं.

काम माझ्या पद्धतीने सुरू केलं. पहिल्यांदा चारही बाजूंनी फोटो. त्याआधी कापडाची घडी सुईखाली सरकवून दाबपट्टी खाली सोडायची, म्हणजे कापड पुढे ढकलणारे दाते घासत नाहीत. मग सांध्यांत रॉकेल सोडलं, बायकोचा हेअर ड्रायर पळवून ऊब दिली, परत रॉकेल. तिसऱ्या दिवशी चाक किंचित हललं. मला इतका आनंद झाला की एकटाच हसलो. नंतर टायमिंग लावलं. सुई खाली जाऊन वर येताना दोऱ्याचा बारीक फास होतो, त्याच क्षणी खालचा दोरा आणणाऱ्या शटलचं टोक त्या फासातून जायला हवं. केसभर चुकलं तरी टाका सुटतो. ते जमलं.

राहिली प्लेट. सुईच्या खाली जी चपटी पट्टी असते, सुईचं भोक असलेली, तिला आम्ही प्लेट म्हणतो. त्या भोकाच्या उजव्या अंगाला, बोटभर अंतरावर, कुणीतरी कथील वितळवून सोल्डरिंगची रेघ मारली होती. जाड दोऱ्यासारखी उंच. बरं, तीही सरळ नाही, सुईच्या जरा अलीकडे उजवीकडे कलंडलेली.

"कुठल्या गाढवाचं काम हे!" मी मोठ्याने म्हणालो. एवढं देखणं मशीन आणि त्यावर हा डाग. कानशीने रेघ साफ घासली, एमरी पेपर मारला, बफ केलं आणि प्लेट भोसरीत एका ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे टाकली. परत आली तेव्हा तिच्यात तोंड दिसत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मशीन पोचवायला मी स्वतः मोशीला गेलो. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळं घर हॉलमध्ये जमलेलं. संदीपची मुलगी पाय लांब करून सोफ्यावर बसली होती. घरी ठेवलेल्या पॅडलच्या टेबलावर मी मशीन बसवलं. सुनेने, म्हणजे संदीपच्या बायकोने, आक्कांना धरून आणलं आणि मशीनपुढे बसवलं. बारीक बाई, नऊवारी, हाताची बोटं मात्र माझ्यासारखीच राकट.

आक्कांनी चाकावर हात ठेवला. एक फेरा दिला. तोंडभर हसल्या.

"आगं बया! लोण्यावानी फिरतंया!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुशारून गेलो. मग आक्कांचा हात प्लेटवर आला आणि थांबला. बोट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, परत मागे आलं. असं दोन-तीनदा झालं.

"हितली रेघ कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"कसली रेघ, आई?" संदीप म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला मात्र माहीत होतं.

"माजं डोळं अधू व्हाया लागलं तवा ह्येंनी करून दिल्याली. कापडाची कड रेघंला लावायची, बोट रेघंवर ठिवायचं आन् चालवायचं. रेघ वाकडी लागली की सुई जवळ आली. बोट आपसूक बाजूला व्हतं."

म्हणजे ते वाकडं काम नव्हतं. बायकोच्या बोटाला सुई लागू नये म्हणून एका टूलरूमच्या फिटरने विचार करून दिलेलं वळण होतं ते.

आमच्या मेंटेनन्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात, मशीन उघडायच्या आधी ऑपरेटरला विचार. एकदा एका प्रेसखाली लाकडाची पाचर सापडली. नवीन इंजिनिअरने कचरा म्हणून फेकली आणि दोन शिफ्टचा माल स्क्रॅप झाला. पाचर ऑपरेटरने ठोकली होती, थरथर मारायला. त्या इंजिनिअरला मी सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि इथे? कस्टमर संदीप, मशीन जर्मन, कारागीर मी. आक्का या मशीनच्या ऑपरेटर आहेत हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. सोफ्यावर जागा होती, पण मला बसवेना.

"आक्का, ती मी घासून टाकली," मी म्हणालो. "मला वाटलं, कुणीतरी खराब काम केलंय."

आक्का हळूच म्हणाल्या, "खराब न्हवतं वो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी परत करून देतो," मी म्हणालो. फोटो आहेत, या भरवशावर. घरी येऊन मोबाइलमधले फोटो उघडले. चारही फोटोंत प्लेट कापडाच्या घडीखाली झाकलेली! माझीच शिस्त मला नडली. रेघ सुईपासून किती लांब, ते आक्कांनी शिवलेल्या जुन्या दुपट्यांवर कडेपासून शिवणीपर्यंत मोजून कळलं. वळण कुठे सुरू होतं आणि किती कलतं, ते कुठल्या दुपट्यावर सापडणार? ते त्या माणसाच्या हातात होतं आणि तो माणूस गेलेला. आठवून आठवून डोकं शिणलं. गाढवाचं काम म्हणून मी ते धड पाहिलंही नव्हतं.

प्लेटिंग तासून काढलं आणि नवीन रेघ मारली. मोशीला गेलो. आक्कांनी बोट फिरवलं.

"लई म्होरं झालं."

दुसरी. "आता लई मागं." तिसरी. "वळान न्हाई लागत बोटाला." प्रत्येक वेळी चहा व्हायचा, प्रत्येक वेळी त्या मलाच म्हणायच्या, "तुमास्नी तरास." इकडे नातीला नववा लागला होता.

चौथ्या खेपेला आक्कांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आसंल हीच." मला आता कळतं, त्या माझी दया येऊन म्हणाल्या. मला तेव्हाही थोडं कळलं होतं. मी गप्प बसलो, कारण मलाही सुटका हवी होती.

सुनेने पांढरं सुती कापड दिलं. आक्का पॅडल मारायला लागल्या. पहिली वीत सरळ गेली. काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला! दुसऱ्या वितीला सुई नखातून आरपार गेली.

आक्का ओरडल्या नाहीत. चाक मी उलटं फिरवून सुई वर घेतली. कापडावर रक्त पसरलं होतं. सुनेने हळद आणली, नात रडायला लागली. संदीप कधी आवाज न चढवणारा माणूस, तो म्हणाला, "बास झालं आता. मशीनला कुणी हात लावायचा नाही."

"आरं, एकांदा टाका..." आक्का म्हणाल्या.

"आई, नाही म्हटलं ना!"

त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी पाना, पक्कड गोळा केली आणि खाली उतरलो. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलो. रडू आलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, वॉचमन बघत असताना.

बारशाला संदीपने मला आवर्जून बोलावलं. न जाणं बरं दिसलं नसतं. मुलगी झाली होती. पाळणा सजवलेला, बायकांची गर्दी. मशीन हॉलमध्ये खिडकीशी ठेवलेलं, वर लेसचं कापड आणि फुलदाणी. दोन पाहुण्यांनी माझ्याकडे त्याचं कौतुक केलं. काय चमकतंय, म्हणाले.

आक्कांच्या मांडीवर पणती दिली. दुकानातून आणलेल्या मऊ दुपट्यात गुंडाळलेली, त्यावर अस्वलांची चित्रं. आक्कांनी बाळाच्या गालाला हात लावला, मग दुपट्याची कड बोटांत धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेल्या. जवळ मी उभा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"शिवान सरळ हाय," त्या सुनेला म्हणाल्या. "चांगलं हाय."

मी जेवण न करताच निघालो.

आता कुणी मशीन आणलं की मी पहिलं विचारतो, चालवतं कोण? कुणीच नाही म्हणाले तर तिथेच उघडतो. कुणी असेल तर आधी त्यांच्या घरी जातो, स्टुलावर बसतो आणि त्यांना एक वीतभर शिवून दाखवायला सांगतो. मग विचारतो, यातलं काय काय तसंच ठेवायचं? या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. चिंचवडहून मोशी तर स्कूटरने फार लांबही नव्हती.