मापाची गोळी

त्या वर्षी आमच्या घरात 'गोळी' या शब्दाचे तीन अर्थ झाले होते. एक गोळी आईच्या डबीतली, सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर घ्यायची. दुसरी दवाखान्यातून आणलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यातली. आणि तिसरी बंदुकीची. ही तिसरी मी आणली, आणि त्याबद्दल मामापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी माझी अक्कल काढली.

भंडाऱ्यात एका खासगी शाळेत मी खेळाची बाई होते. शाळेने मैदानावर नवी इमारत उठवली, तेव्हा मैदानाबरोबर मीही जास्तीची झाले. माझ्याजवळ उरलं काय, तर एक शिट्टी आणि रागीट स्वभाव. घरी बसून महिनाभर मी भांड्यांवर राग काढला. मग कारध्याच्या मामाचं वावर आठवलं. वैनगंगेचा पूल ओलांडला की रस्त्यालगत त्याच्या चार बांद्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, आहेत. धान निघालं की उन्हाळ्यापर्यंत नुसत्या पडून असतात. तिथे पेंटबॉलचं मैदान करायचं, असं मी ठरवलं. मुलींची सहल घेऊन गेले असताना हा खेळ मी एकदा पाहिला होता. तोंडावर मुखवटा, हातात हवेवर चालणारी बंदूक, आणि गोळीत शिसं नाही तर रंग. गोळी अंगावर फुटली, रंग लागला, की तो गडी बाद. लपायला आडोसे लागतात, आणि धानाच्या बांदीला चारही बाजूंनी मातीचे उंच धुरे, म्हणजे बांध, आयते असतात.

मामा म्हणाला, "बंदुका आणून कोणावर चालवशील? माझ्यावर?"

तुझ्यापासूनच सुरुवात करते, असं मी त्याला सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं अर्धंच लक्ष बंदुकांत होतं. अर्धं आईच्या श्वासात अडकलेलं होतं.

माझी आई दिघोरीची. आयुष्यभर लोकांच्या बांद्यांत रोवणी केली आणि घरी येऊन चूल फुंकली. गॅस आला तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. पण तिची खरी ओळख विहारात होती. मला कळतं तेव्हापासून आमच्या वस्तीच्या विहारात पौर्णिमेची वंदना आईच सांगायची. ती पुढे म्हणणार, बाकीचे मागून. त्रिशरण तीनदा म्हणायचं असतं. पहिली फेरी, मग 'दुतियम्पि' म्हणजे दुसऱ्यांदा, मग 'ततियम्पि', तिसऱ्यांदा. तिचा आवाज बाहेर रस्त्यावर सायकल धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत जायचा. हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, त्यातून ती उठली, पण पहिल्याच पौर्णिमेला दुसऱ्या फेरीतच तिला असा खोकला लागला की पुढचं काही निघेना. सगळा विहार हात जोडून वाट बघत राहिला. शेवटी मागे बसलेल्या, वस्तीतल्याच एका घरच्या सुनेने वंदना पुरी केली. पुढच्या पौर्णिमेला आई म्हणाली, माझे गुडघे दुखून राहिले. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला गुडघ्यांचं नावही घेतलं नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विहारात नेसायची पांढरी साडी मांडणीवर महिनोन्‌महिने घडी मोडल्याशिवाय पडून होती. मला त्या साडीकडे बघवायचं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की फुप्फुसं धुराने थकलेली आहेत, नवी मिळणार नाहीत, पण असलेली कामाला लावता येतील. त्यासाठी ते खेळणं. तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, ओढ चांगली असली की एकामागून एक तिन्ही गोळ्या वर चढतात. आईची पहिली गोळी अर्ध्यावर जाऊन खाली बसायची.

"हे लेकराइचं खेळणं हाय," ती म्हणायची आणि टीव्हीच्या मागे सरकवून द्यायची. मी ओरडायचे. ती ऐकायची नाही. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, अशा आम्ही दोघी.

तर पावसाळा सरता सरता तिच्या तपासणीचा दिवस आला, आणि एका खेपेत दोन कामं म्हणून दवाखान्यातून मी तिला थेट दुकानात नेलं. खेळाच्या सामानाचं दुकान, नागपूरच्या एका गल्लीत. शहराबाहेरचं कुठलंसं मैदान बंद पडलं होतं, त्याच्या वापरलेल्या बंदुका तिथे विकायला होत्या. आईने सवयीप्रमाणे आत शिरताच "जयभीम" घातला. दुकानदारानेही "जयभीम, काकू" म्हणून तिला स्टूल दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, याले बंदूक नका म्हणू. मार्कर म्हणा. बंदूक म्हटलं की लोकं उगीच घाबरते."

मी मोबाईलवर बघून बघून तयारी करून गेले होते. मुखवटे नवेच घ्यायचे, त्यात काटकसर नाही, कारण डोळा एकदा गेला की गेला. हवेच्या टाकीवरची तपासणीची मुदत वाचायची. हवा भरून कान लावायचा, कुठे सूं आवाज येतो का. घोडा दहा वेळा ओढून बघायचा. हे सगळं मी केलं, आणि आठांतल्या चार बंदुका बाजूला काढल्या. अंगावर ओरखडे होते, पण सांधे घट्ट होते.

दुकानामागे लहानसं आवार होतं, तिथे लाकडी फळीवर खडूने गोल काढलेला. मुखवटा चढवून मी पहिली गोळी झाडली. फट्! फळीवर नारिंगी रंगाचा हा एवढा थोरला थेंब उमलला. चाळिशीला टेकलेली बाई मी, पण तोंडातून "अगं बाई" निघून गेलं. बोटाच्या एका ओढीने वीस पावलांवर रंग फुटतो, याचं मला आजही नवल वाटतं.

पण तो रंग गोलाच्या बाहेर होता. दुसरी गोळी डावीकडे गेली. तिसरी वर. चौथी फळी सोडून भिंतीवर. मी बंदूक बदलली. तीच गत. चारही बंदुका झाल्या आणि माझं डोकं तापलं.

"भाऊ, या बंदुका घेऊन मी काय कावळे हाकू?"

दुकानदाराने काचेच्या कपाटातली नवी काढली. तिची किंमत ऐकून मी ती तशीच परत कपाटात ठेवायला लावली. झालं, गेलं माझं मैदान, असं वाटलं.

आई दारात स्टूलवर बसून सगळं बघत होती. तिलाही दुकानदाराने मुखवटा चढवून दिला होता. तो वर सारून ती म्हणाली, "एकेक गोळी एकेकीकडं जाऊन राहिली ना?"

"दिसत नाही का तुला?"

"मंग बंदुकीवर काहून चिडून राहिली? बंदुकीचा दोष असता तं साऱ्या एकाच बाजूले गेल्या असत्या."

मी पुन्हा फळीकडे बघितलं. मी इतकी वर्षं मुलींना चेंडूचा नेम धरायला शिकवलं, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"बाबू, हे नळी निघते का?"

त्याने बंदुकीची नळी आटे फिरवून सोडवली आणि तिच्या हातात दिली. आईने तिच्यातून आरपार उजेडाकडे बघितलं. "फुकनीच तं होय हे," ती म्हणाली. फुकनी म्हणजे चूल फुंकायची नळी. पदराने तिने नळीचं तोंड पुसलं, मी झाडत होते त्या खोक्यातली एक गोळी आत टाकली, आणि नळी जरा कलती केली. गोळी टपकन दुसरीकडून बाहेर. "बारीक हाय. वाऱ्याले बाजूनं फट भेटते." मग दुसऱ्या खोक्यातली घेतली. ती तोंडाशीच अडकली. "हे फुगली. पावसाची हवा पेली हिनं." तिसऱ्या खोक्यातली आत बसली, आणि नळी उभी केली तरी जागची हलली नाही.

तेव्हा आईने नळी ओठांना लावली.

मी "आई, नको" म्हणेपर्यंत तिने श्वास घेतला होता. पहिल्या फुंकेला काही झालं नाही, खोकला मात्र आला. दुसऱ्या फुंकेला गोळी नळीतून पुढे सरकली, बाहेर पडली आणि माझ्या पायाशी घरंगळत आली.

"हे मापाची," ती धापा टाकत म्हणाली.

तिने सांगितलेल्या खोक्यातल्या गोळ्या मी त्याच ओरखडलेल्या बंदुकीत भरल्या. पाच झाडल्या. पाचही गोलात. मी फळीजवळ जाऊन बोटाने रंग चाचपला, खोटं वाटत होतं म्हणून.

दुकानदार म्हणाला, "काकू, जुने खेळणारे असंच फुकून पाहते. मीच आळस केला. तुम्हाले कोणी शिकवलं?"

"शिकवते कोण? आम्ही लहानपणी बांबूच्या नळीत कच्चे फळं भरून उडवत होतो. ढिलं फळ भरलं तं आवाजच नव्हता येत."

माझी आई बंदुका उडवायची! मला हे माहीत नव्हतं. तिने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

चार बंदुका घेतल्या. मापाचं खोकं एकच होतं. उरलेली चार-पाच खोकी मिसळ निघाली, लहान-मोठ्या गोळ्या एकत्र. ती त्याने जवळजवळ फुकट देऊ केली, तर मी नाक मुरडलं. आई म्हणाली, "घे. मी निवडीन."

आणि ती खरंच निवडायला बसली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर सूप घेऊन, तांदळातले खडे निवडायला बसावं तशी. एक गोळी नळीत टाकायची, श्वास घ्यायचा, फुंकायचं. गेली तर टोपलीत. अडकली किंवा नुसतीच गळाली तर बाजूला. दहा-बारा झाल्या की काडीला फडकं गुंडाळून नळी आतून कोरडी करायची. दुकानदार म्हणाला होता, खोक्यातल्या दोन-चार तपासल्या तरी पुरे. आई म्हणे, मिसळीत दोन-चाराचा काय भरोसा?

तिसऱ्या दिवशी तिला जोराचा ठसका लागला. चेहरा काळवंडला. मी आतून धावत आले आणि तिच्या हातातली नळी हिसकावली.

"मरायचं आहे का तुला?"

हे शब्द माझ्याच तोंडचे. ते परत घेता आले असते तर बरं झालं असतं.

ठसका थांबेपर्यंत आई बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, "मराचं राह्यलं असतं तं खाटेवर पडून बी मरता येते. कायले हिसकून राहिली?"

"मग ते डॉक्टरांचं का नाही करत?"

"ते खेळणं हाय, बाई. हे काम हाय."

मी नळी हातात घेऊन उभीच राहिले. त्या नळीचा मला राग होता. असल्याच एका नळीने चाळीस वर्षं तिच्या छातीत धूर भरला होता. संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, अगदी पेंटबॉलसकट. ते म्हणाले, "फुंकायच्या आधी श्वास आत ओढतातच ना? मग करू द्या. ताठ बसून, हळूहळू, चक्कर आली की बंद. पण खेळणंही करायला सांगा."

मग आमच्यात तह झाला. एक ओंजळ गोळ्या झाल्या की एकदा खेळणं. आईने कबूल केलं, कारण तिला नळी परत हवी होती.

पुढचे कितीतरी दिवस सकाळी मी चहाचा कप घेऊन दारातून तिला बघत बसायचे. कामात असली की तिच्या कपाळावर एक आठी पडते, ती कित्येक महिन्यांनी परत दिसत होती. आधी एका गोळीला तीन फुंका लागायच्या, मग दोन, मग एक. अडकलेली गोळी ती रागावून बाजूला टाकायची, जशी ती मला लहानपणी टाकून बोलायची. खेळण्यातली पहिली गोळी पूर्ण वर चढली. काही दिवसांनी दुसरी. तिसरी मात्र तळाशीच बसून राहिली, आजही तिथेच आहे. पण मला त्या दोन गोळ्यांचंच इतकं अप्रूप की शेजारणीला हाताला धरून दाखवायला आणलं. जुनी, थकलेली, धुराने काळी झालेली छाती, आणि तिने रोज सकाळी एवढा वारा आणायचा कुठून? मी खेळ शिकवले, शरीर मला कळतं असं समजत होते. मला काहीच कळत नव्हतं.

धान निघालं. मामाच्या वावरात फळी रोवून आम्ही आईच्या टोपलीतल्या गोळ्या झाडून पाहिल्या. मामाने स्वतः दोन झाडल्या, दोन्ही गोलात. मग तो बंदूक खाली ठेवीना.

त्याच आठवड्यात कार्तिकातली पौर्णिमा आली. मी विहाराचा विषय काढला नाही. संध्याकाळी आतून आले तर आई पांढऱ्या साडीची घडी मोडून निऱ्या करत होती.

विहारात पुढे ती सून बसली होती, जी इतके महिने वंदना सांगत होती. आईला पाहून ती उठली आणि जागा करून दिली. आईने हात जोडले. पहिली फेरी झाली. आवाज पूर्वीसारखा रस्त्यापर्यंत जाणारा नव्हता, बारीक झाला होता, पण धरून होता. दुतियम्पि. इथेच ती तुटली होती. दुसरी फेरी पुरी झाली.

मग ती थांबली. सगळे थांबले. त्या शांततेत मला तिचा श्वास आत जाताना ऐकू आला, नळी ओठांना लावण्याआधी जसा रोज ऐकू यायचा, अगदी तसाच. घाई नाही.

"ततियम्पि," आई म्हणाली, आणि सगळा विहार तिच्यामागून म्हणाला. मी सोडून सगळा.

घरी येताना वाटेत ती मधेच उभी राहिली.

"तिसऱ्या खेपेले तुहा आवाज नाही आला. काहून?"

"श्वासच पुरला नाही, आई."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"उद्यापासून माह्या संग गोळ्या निवडाले बस," ती म्हणाली आणि चालू लागली.